शब्द आधी, चाल नंतर

न्यूयॉर्कच्या नाटकवाल्यांमध्ये एक किस्सा वर्षानुवर्षं सांगितला जातो. एका पार्टीत कुणीतरी मिसेस कर्नची ओळख करून देताना म्हणालं, "यांच्या नवऱ्यानं 'ओल मॅन रिव्हर' लिहिलं." शेजारीच मिसेस हॅमरस्टीन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "छे हो! 'ओल मॅन रिव्हर' माझ्या नवऱ्यानं लिहिलं. यांच्या नवऱ्यानं लिहिलं ते 'दम दम दम-दम'!"

किस्सा मीठमसाला लावलेला असेल, पण त्यातली तक्रार अस्सल आहे. गाणं म्हटलं की आधी गायक आठवतो, मग संगीतकार, आणि गीतकार आठवलाच तर सगळ्यात शेवटी, कॅसेटच्या कव्हरवर आत कुठेतरी बारीक अक्षरात. (आता तर कॅसेटही गेली आणि कव्हरही.) त्यात नाटकातल्या गीतकाराची गत आणखी विचित्र. कवी निदान स्वतःचं दुःख स्वतःच्या नावावर मांडू शकतो. नाटकातल्या गीतकाराला गुराख्याचं गाणं गुराख्यासारखं आणि नर्सचं गाणं नर्ससारखं लिहायचं असतं. जमलं तर लोक म्हणणार, वा, काय पात्र आहे! नाही जमलं तर म्हणणार, गाणी रद्दी आहेत.

आज लिहितोय ते अशाच एका माणसाबद्दल. ऑस्कर हॅमरस्टीन, दुसरा. नाव ओळखीचं वाटलं नाही तरी 'साउंड ऑफ म्युझिक' आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असतो, निदान गुलजारचा 'परिचय' (१९७२) बघताना "अरे, हे तर त्यातलंच!" असं म्हटलेलं असतं. त्यातल्या 'डो-रे-मी' या गाण्याचे शब्द याचेच. पाश्चात्त्य सरगमातल्या प्रत्येक अक्षराला रोजच्या वापरातला एकेक अर्थ चिकटवायचा आणि मुलांना ती पाठ करून द्यायची, असा तो खेळ आहे. सहा अक्षरांना अर्थ सापडले. 'ला' काही केल्या जमेना, तर पठ्ठ्यानं "हा आपला आधीच्या स्वराच्या पाठोपाठ येणारा स्वर" एवढंच सांगून मोकळं केलं. आम्ही प्रोग्रॅमर लोक याला डिफॉल्ट केस म्हणतो :-)

गंमत सोडा. शाळकरी मुलालाही कळतील इतके सोपे शब्द ही हॅमरस्टीनची खूण. त्यापायी टीकाकारांनी त्याला भाबडा म्हटलं, गोडगोड म्हटलं, जुनाट म्हटलं. मला मात्र त्याचं आयुष्य वाचताना दोन गोष्टी सारख्या जाणवत राहिल्या. एक, हे सोपेपण त्याला अजिबात सोपं गेलेलं नाही. आणि दोन, त्याच्या काळातल्या सगळ्यात अवघड गोष्टी तो याच सोप्या शब्दांत बोलला.

* * *

ऑस्करचा जन्म १२ जुलै १८९५ चा, न्यूयॉर्कचा. घराणं नाटकवाल्यांचं. आजोबा, म्हणजे पहिला ऑस्कर हॅमरस्टीन, एक अचाट प्रकरण होतं. जर्मनीतून आलेला हा माणूस सिगार वळायच्या यंत्रांची पेटंटं विकून पैसे करायचा आणि ते सगळे थिएटरं बांधण्यात आणि ऑपेरात उडवायचा. १९०६ मध्ये त्यानं मॅनहॅटन ऑपेरा हाउस काढून बलाढ्य मेट्रोपॉलिटन ऑपेराला असं काही जेरीस आणलं, की १९१० मध्ये त्यांनी जवळपास १२ लाख डॉलर मोजून त्याच्याकडून लिहून घेतलं: पुढची १० वर्षं तू ऑपेरा करायचा नाहीस! न करण्याचे इतके पैसे मिळालेला कलावंत विरळाच.

वडील विली हे व्हिक्टोरिया थिएटरचे व्यवस्थापक. धंदा आतून पाहिलेला, त्यामुळे पोरानं नाटकात पडू नये ही त्यांची सक्त इच्छा. पोरगा कोलंबिया विद्यापीठात गेला आणि पुढे कायदा शिकू लागला. आपल्याकडे "आधी इंजिनिअरिंग कर, मग काय ते नाटक-बिटक" म्हणतात, त्यातलाच प्रकार. पण वडील १९१४ मध्ये वारले आणि ऑस्करचा पाय विद्यापीठाच्या नाटकमंडळीत पडला तो पडलाच. १९१७ मध्ये कायदा सोडून तो निर्माता असलेल्या आर्थरकाकाकडे स्टेज मॅनेजरच्या हाताखाली कामाला लागला. १९१९ मध्ये त्यानं लिहिलेलं पहिलं गंभीर नाटक 'द लाइट' न्यूयॉर्क गाठण्याआधीच, न्यू हेवनमधल्या चार प्रयोगांत आटोपलं.

काकानं मग त्याची गाठ ऑटो हारबाख या मुरलेल्या लेखकाशी घालून दिली. हारबाख त्याच्याहून २२ वर्षांनी मोठा. गाणं गोष्टीतून उगवायला हवं, वरून चिकटवलेलं नको, हा धडा ऑस्कर त्याच्याकडून शिकला. दोघांनी मिळून 'रोझ-मेरी' (१९२४) आणि 'द डेझर्ट साँग' (१९२६) अशी तुफान चाललेली ऑपेरेटा-छापाची नाटकं दिली. राजबिंडे नायक, बुरखाधारी बंडखोर, चांदण्यातली युगुलगीतं. पैसा आला, नाव झालं.

त्या काळात पद्धत अशी होती की संगीतकार आधी चाल द्यायचा आणि गीतकार तिच्यात शब्द बसवायचा. यात आपल्याला नवल वाटायला नको. आपलं संगीत नाटक तरी कसं उभं राहिलं? 'स्वयंवर' (१९१६) करताना भास्करबुवा बखल्यांनी रागदारीतल्या बंदिशी पुढे ठेवल्या आणि खाडिलकरांनी त्यांच्यावर पदं बांधली. बालगंधर्व गायला लागले की गोष्ट थांबायची, वन्स मोअर व्हायचे, पुन्हा पद, पुन्हा वन्स मोअर. प्रेक्षकांची त्याला हरकत नव्हती, तो त्याचसाठी तिकीट काढून आलेला असायचा. ब्रॉडवेवरही तेव्हा गोष्ट म्हणजे गाणी टांगायची खुंटी, एवढाच तिचा मान. फरक इतकाच की आपल्याकडे खुंटीवर गाणं असायचं, त्यांच्याकडे गाण्याबरोबर विनोदवीर आणि नाचणाऱ्या पोरींची रांगही असायची.

या पार्श्वभूमीवर २७ डिसेंबर १९२७ ला झीगफेल्ड थिएटरात 'शो बोट' आलं. एडना फर्बरची कादंबरी, जेरोम कर्नचं संगीत, संहिता आणि गीतं हॅमरस्टीनची. मिसिसिपी नदीवर फिरत नाटकं करणाऱ्या बोटीवरच्या माणसांची, चाळीसेक वर्षांत पसरलेली गोष्ट. त्यात जुली नावाची नटी आहे. तिच्यात थोडं काळं रक्त आहे हे उघडकीला येतं, आणि गोऱ्या माणसाशी झालेलं तिचं लग्न मिसिसिपी राज्याच्या कायद्यानं गुन्हा ठरतं. म्युझिकल बघायला नटूनथटून आलेल्या लोकांसमोर १९२७ साली हे! गोदीत ओझी वाहणारा काळा जो यात 'ओल मॅन रिव्हर' म्हणतो. माणसं राबतात, मरतात, नदी आपली वाहतेय, असा भाव. इतकी पसरलेली गोष्ट एका सुतात बांधण्यासाठीच ते गाणं लिहिलं गेलं होतं. नाटकाचे ५७२ प्रयोग झाले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. या नाटकाच्या पहिल्याच समूहगीतात काळ्यांसाठीचा शिवीवजा शब्द होता. हॅमरस्टीननं तो काळ्या पात्रांच्याच तोंडी घातला होता, तरी तो होता. पुढच्या काळात तो बदलत बदलत काढला गेला. पॉल रॉब्सननं तर आपल्या मैफिलींत 'ओल मॅन रिव्हर'चे शब्दच फिरवले आणि सोसणाऱ्याचं गाणं झगडणाऱ्याचं केलं. सद्हेतूनं लिहिलेल्या शब्दांचाही हिशेब काळ मागतोच.

* * *

'शो बोट' झालं तेव्हा ऑस्कर ३२ वर्षांचा होता. आता गाडी सुसाट धावणार असं वाटेल. झालं उलटंच. १९३२ चं 'म्युझिक इन द एअर' चाललं आणि त्यानंतर जवळपास १० वर्षं काहीच धड चाललं नाही. वॉर्नर ब्रदर्सनं चार सिनेमांचा करार केला, दोन पडल्यावर उरलेले दोन करू नयेत म्हणून त्याला मोठी रक्कम देऊन टाकली. (न करण्याचे पैसे मिळायची ही घरातली दुसरी वेळ!) लंडनला 'बॉल ॲट द सॅव्हॉय' पडलं, मग 'थ्री सिस्टर्स' पडलं. १९३९ मध्ये कर्नबरोबर केलेलं 'व्हेरी वॉर्म फॉर मे' ५९ प्रयोगांत गुंडाळलं गेलं. त्यातलं 'ऑल द थिंग्ज यू आर' हे गाणं पुढे जॅझवाल्यांनी अजरामर केलं, पण नाटक मेलं ते मेलंच. १९४१ चं 'सनी रिव्हर' तर ३६ प्रयोगांत संपलं. हॅमरस्टीन संपला, असं ब्रॉडवेवर उघड बोललं जाऊ लागलं. वय ४६.

पण या पडत्या काळात दोन गोष्टी घडल्या. १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या. ऑस्करचं त्या शहरावर प्रेम होतं. त्यानं कुणी न सांगता, कुठल्याही नाटकासाठी नाही, आधी शब्द लिहिले आणि मग कर्ननं त्यांना चाल लावली. 'द लास्ट टाइम आय सॉ पॅरिस' या गाण्याला पुढे ऑस्कर पारितोषिक मिळालं. (ऑस्करला ऑस्कर. हा विनोद तेव्हाही झाला असणार.) दुसरी गोष्ट म्हणजे १९४० मध्येच त्यानं पेनसिल्व्हेनियातल्या डॉइल्सटाउनजवळ हायलंड फार्म घेतलं. तिथे बसून तो बिझेच्या 'कार्मेन' ऑपेराचे शब्द अमेरिकेतल्या काळ्यांच्या बोलीत नव्यानं लिहू लागला. कुणी मागितलं नव्हतं. त्याचं 'कार्मेन जोन्स' १९४३ च्या अखेरीस रंगभूमीवर आलं. पण तोवर बरंच काही घडून गेलं होतं.

* * *

आता रिचर्ड रॉजर्सकडे वळू. रॉजर्स संगीतकार, आणि त्याचा जोडीदार लॉरेन्झ हार्ट. हार्ट म्हणजे शब्दांचा जादूगार. कोट्या, तिरकस विनोद, थक्क करणारी यमकं, त्यात याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण दारूनं पोखरलेला, दिवसेंदिवस गायब होणारा. रॉजर्सनं काळजीनं हॅमरस्टीनचा सल्ला घेतला. तेव्हा ओळीनं आपटी खाल्लेला हा माणूस काय म्हणाला असेल? म्हणाला, हार्ट काम करू शकतोय तोवर त्याला सोडू नकोस, तो कोसळेल. आणि काम अर्धवट राहिलंच तर मी येऊन पुरं करून देईन, माझं नावही नको. रॉजर्सनं पुढे आत्मचरित्रात हे लिहून ठेवलं आहे. दहा वर्षं यशाची वाट पाहणाऱ्या माणसानं हे म्हणणं सोपं नाही.

शेवटी वेळ आलीच. थिएटर गिल्ड या संस्थेनं लिन रिग्ज याच्या 'ग्रीन ग्रो द लायलॅक्स' या नाटकावर म्युझिकल करायचं ठरवलं. हार्टला त्यात रस नव्हता. हॅमरस्टीनला मात्र ते नाटक आधीपासून मनात होतं, त्यानं कर्नला विचारूनही पाहिलं होतं. रॉजर्स आणि हॅमरस्टीन एकत्र बसले आणि त्यांनी पद्धत उलटी केली. शब्द आधी, चाल नंतर.

वरवर पाहता ही नुसती कामाची वाटणी वाटेल. पण विचार करा. चाल आधी असली की गीतकाराचा प्रश्न असतो, "या सुरावर काय बसेल?" शब्द आधी असले की प्रश्न होतो, "हे माणूस या क्षणी काय बोलेल?" पहिल्यात गीतकार कोडं सोडवतो, दुसऱ्यात नाटक लिहितो. हार्टसारख्या अफाट बुद्धीच्या माणसाला पहिल्या प्रकारात मजा येत होती. हॅमरस्टीनला दुसरा हवा होता, आणि त्यासाठी त्याला भेटला चालीला अडून न बसणारा संगीतकार.

पहिलंच गाणं बघा. रिग्जनं मूळ नाटकाच्या सुरुवातीला रंगसूचनेत उन्हाळ्यातल्या तेजस्वी सकाळीचं फार सुंदर वर्णन केलं होतं. ते प्रेक्षकांपर्यंत पोचणारच नाही, नुसतं छापील पानावर राहणार, याची हॅमरस्टीनला हळहळ वाटली. त्यातूनच गाणं आलं. पडदा वर जातो तेव्हा ना नाच ना पोरींची रांग. एक म्हातारी एकटीच लोणी काढत बसलीय आणि पडद्यामागून एका गुराख्याचा आवाज येतो, आज सकाळ किती छान आहे म्हणून. बस्स. या एवढ्याशा गाण्याला त्याला तीन आठवडे लागले. सुरुवातीला नुसता 'ओ' असावा की नसावा यावर त्यानं बराच काळ घातला. शेतातल्या मक्याची उंची सांगायला आधी तट्टाची उपमा घेतली होती. मग शेजारच्या शेतात जाऊन मका प्रत्यक्ष पाहिला, तो चांगलाच उंच होता, म्हणून तट्टाच्या जागी हत्ती आला. कागद हातात पडल्यावर रॉजर्सनं जेमतेम दहा मिनिटांत चाल लावली असं सांगतात.

तीन आठवडे आणि दहा मिनिटं! ऐकायला अन्याय वाटतो. पण रॉजर्सची दहा मिनिटं त्या तीन आठवड्यांमुळेच शक्य झाली असणार. रिक्वायरमेंट नीट लिहिलेली असेल तर कोड भराभर होतो, हे आमच्या धंद्यात सगळे मान्य करतात आणि कुणी पाळत नाही.

न्यू हेवनच्या चाचणी-प्रयोगानंतर जाणकारांचा शेरा आला, ना पाय ना विनोद, हे कसलं चालतंय! ३१ मार्च १९४३ ला सेंट जेम्स थिएटरात 'ओक्लाहोमा!' आलं आणि २,२१२ प्रयोग चाललं. पाच वर्षांहून जास्त. तोवर ब्रॉडवेवर कुठलंच म्युझिकल इतकं चाललं नव्हतं. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला हार्ट गेला. ४८ वर्षांचा होता.

यशानंतर माणूस कसा वागतो ते बघण्यासारखं असतं. १९४४ च्या जानेवारीत हॅमरस्टीननं 'व्हरायटी' या नाटक-सिनेमावाल्यांच्या पत्रात पानभर जाहिरात दिली. तिच्यात 'ओक्लाहोमा!'चं नाव कुठेच नव्हतं. होती ती आपटलेल्या पाच नाटकांची यादी. 'सनी रिव्हर' ६ आठवडे, 'व्हेरी वॉर्म फॉर मे' ७ आठवडे, 'थ्री सिस्टर्स' ६ आठवडे, 'बॉल ॲट द सॅव्हॉय' ५ आठवडे, 'फ्री फॉर ऑल' ३ आठवडे. आणि खाली अशा अर्थाचं वाक्य की हे मी आधी केलंय आणि पुन्हाही करू शकतो! संपला म्हणणाऱ्यांना यापेक्षा सभ्य चपराक मला माहीत नाही. शिवाय ती थोडी स्वतःलाही मारलेली आहे.

* * *

त्याची काम करायची रीत थोडक्यात सांगतो. शेतावरच्या खोलीत उंच मेजापाशी उभं राहून तो लिहायचा. वृत्त सांभाळायला मनातल्या मनात स्वतःच्या चाली लावायचा. त्या इतक्या टुकार असायच्या की कुणाला ऐकवायची सोय नव्हती. १९४९ मध्ये त्यानं आपल्या गीतांचं पुस्तक काढलं, त्याच्या प्रस्तावनेत एक फार छान गोष्ट आहे. त्यानं हेलिकॉप्टरमधून घेतलेला स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचा फोटो पाहिला. डोक्यावरचे केस शिल्पकारानं अगदी नीट, बारकाईनं कोरलेले होते. पुतळा १८८६ साली उभा राहिला, तेव्हा विमानं नव्हती. डोक्याच्या वरची बाजू समुद्रपक्ष्यांशिवाय कुणी कधी पाहणार नाही अशी शिल्पकाराची खात्री असणार. तरी त्यानं काम चोख केलं. हॅमरस्टीनचं म्हणणं, आपणही तसंच करावं, कुणाचं विमान कधी वरून जाईल सांगता येत नाही.

'कॅरोसेल' (१९४५) आलं, ८९० प्रयोग. 'अलेग्रो' (१९४७) फारसं जमलं नाही. आणि ७ एप्रिल १९४९ ला आलं 'साउथ पॅसिफिक'.

जेम्स मिचनरच्या युद्धकथांवरचं हे नाटक. (मिचनर डॉइल्सटाउनचाच, हा योगायोग.) नायिका नेली ही आर्कान्सामधल्या लिटल रॉकची हसरी, साधी, मनमिळाऊ नर्स. बेटावरच्या एका फ्रेंच मळेवाल्याच्या प्रेमात पडते. पण त्याला दिवंगत पॉलिनेशियन बायकोपासून झालेली दोन मुलं आहेत हे कळताच ती हादरते. गंमत बघा, हा द्वेष खलनायकाच्या मनात नाही, प्रेक्षकांना जी सगळ्यात आवडते तिच्याच मनात आहे. दुसरीकडे केबल नावाचा तरुण अधिकारी एका स्थानिक मुलीवर प्रेम करतो आणि लग्नाच्या गोष्टीवर कच खातो. मग स्वतःवरच चिडून तो एक छोटंसं गाणं म्हणतो. गाण्याचा आशय इतकाच की दुसऱ्याचा तिरस्कार माणूस जन्मताना घेऊन येत नाही, तो लहानपणी पद्धतशीर शिकवला जातो. शब्द जवळजवळ बालगीताचे. चालही तशीच हलकी. म्हणून ते जास्त लागतं.

हे गाणं काढा असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. रॉजर्स आणि हॅमरस्टीननं ऐकलं नाही. नाटक पडलं तरी चालेल, गाणं राहील, अशी भूमिका घेतली. मिचनरनं सांगून ठेवलंय की त्यांच्या दृष्टीनं नाटक करण्याचं कारणच ते गाणं होतं. नाटक पडलं तर नाहीच, १,९२५ प्रयोग झाले आणि १९५० चं पुलित्झर मिळालं. १९५३ मध्ये दौऱ्यावरचा प्रयोग अटलांटाला झाला तेव्हा जॉर्जियाच्या विधिमंडळातले काही सदस्य खवळले. असलं गाणं म्हणजे मॉस्कोची शिकवण आहे, अशा करमणुकीला बंदी घालणारा कायदा करा, इथवर मजल गेली. कम्युनिस्ट म्हटलं की माणसाची रोजीरोटी जाण्याचे ते दिवस. हॅमरस्टीननं शांतपणे उत्तर दिलं. त्याचा मथितार्थ असा, की जे काही दयाळू आणि माणुसकीचं असेल ते मॉस्कोहूनच आलं असणार, असं या लोकांना वाटतं याचं मला आश्चर्य वाटतं.

त्याचं बोलणं नुसतं स्टेजवरचं नव्हतं. त्याच परिसरात लेखिका पर्ल बक राहायची. मिश्र वंशाच्या मुलांना दत्तक द्यायला त्या वेळच्या संस्था तयार नव्हत्या, म्हणून तिनं १९४९ मध्ये 'वेलकम हाउस' काढलं. त्या कामात हॅमरस्टीन तिच्या पाठीशी उभा राहिला.

आता दुसरी बाजू. 'साउथ पॅसिफिक'मध्ये केबल लढाईत मारला जातो, त्यामुळे त्याच्या लग्नाचा प्रश्न नाटकाला सोडवावाच लागत नाही. ही पळवाट आहे आणि टीकाकारांनी ती बरोबर पकडली. 'द किंग अँड आय' (१९५१) मधला सयामचा राजा गोऱ्या बाईकडून शहाणपण शिकतो. थायलंडनं या नाटकावरच्या सिनेमावर बंदी घातली. आणि 'साउथ पॅसिफिक'च्या संहितेत दिग्दर्शक जॉशुआ लोगननं बरोबरीनं हात घातला होता, पण लेखक म्हणून रॉयल्टीत त्याला वाटा मिळाला नाही. गाण्यांत माणुसकी सांगणाऱ्यांचे वकील कडक होते, असं दिसतं. हॅमरस्टीन संत नव्हता.

* * *

पण मला सगळ्यात आवडतो तो शिक्षक हॅमरस्टीन. त्याच्या मुलाचा, जिमीचा, एक मित्र होता. आईवडिलांचा घटस्फोट झालेला, आईशी पटत नसलेला मुलगा. तो सतत हॅमरस्टीनच्या घरी पडीक असायचा. नाव स्टीफन सॉन्डहाइम. १५ वर्षांचा असताना त्यानं शाळेसाठी म्युझिकल लिहिलं आणि ऑस्करला दिलं. म्हणाला, तुम्ही मला ओळखत नाही असं समजून वाचा. ऑस्कर म्हणाला, तसं असेल तर मी वाचलेली ही सगळ्यात वाईट गोष्ट आहे. पोराचा चेहरा पडला. मग तो म्हणाला, वाईट आहे म्हटलं, तुला अक्कल नाही असं म्हटलं नाही. का वाईट आहे ते बघायचं का?

आणि ती दुपार दोघांनी पहिल्या रंगसूचनेपासून एकेक ओळ तपासण्यात घालवली. याला म्हणतात कोड रिव्ह्यू! सॉन्डहाइम पुढे जन्मभर सांगत राहिला की लोक आयुष्यभरात शिकतात त्याहून जास्त मी त्या एका दुपारी शिकलो. नंतर ऑस्करनं त्याला गृहपाठ दिला, चार म्युझिकलं लिही. पहिलं, तुला आवडलेल्या चांगल्या नाटकावर. दुसरं, आवडलेल्या पण सदोष नाटकावर. तिसरं, नाटक नसलेल्या गोष्टीवर. चौथं, संपूर्ण स्वतःचं. यातलं एकही व्यावसायिक रंगभूमीसाठी नव्हतं. पुढे 'वेस्ट साइड स्टोरी'साठी (१९५७) नुसती गीतं लिहायची वेळ आली तेव्हा सॉन्डहाइम नाराज होता, त्याला संगीतही द्यायचं होतं. ऑस्करनंच त्याला गळ घातली, एवढ्या मोठ्या लोकांबरोबर काम करायला मिळतंय, सोडू नकोस.

गंमत म्हणजे शिष्य गुरूसारखा मुळीच झाला नाही. सॉन्डहाइम बोचरा, गुंतागुंतीचा, यमकांचा राजा. २०१० च्या पुस्तकात त्यानं गुरूच्या गीतांतले दोष सविस्तर काढले आहेत. पण स्वतःसारखं नाही, तुझ्यासारखं लिही, हीच ऑस्करची शिकवण होती. १९६० मध्ये आजारी ऑस्करनं सगळ्यांना आपले फोटो दिले तेव्हा सॉन्डहाइमनं संकोचत सही मागितली. ऑस्करनं त्यावर लिहिलं, स्टीव्हीला, माझ्या मित्राला आणि शिक्षकाला. सॉन्डहाइम २०२१ मध्ये गेला.

* * *

१९५९ च्या सप्टेंबरात ऑस्करला पोटाचा कॅन्सर असल्याचं निदान झालं. 'साउंड ऑफ म्युझिक'ची तयारी चालू होती. ऑक्टोबरमध्ये बॉस्टनच्या चाचणी-प्रयोगांच्या वेळी असं जाणवलं, की देश सोडून जावं लागणार असलेल्या कॅप्टन फॉन ट्रॅपला निरोपाचं एक गाणं हवं. ऑस्करनं ते लिहिलं. आल्प्समधल्या एका छोट्या पांढऱ्या फुलावर, अगदी मोजक्या शब्दांत. 'एडलवाइस'. स्वतः निघायच्या तयारीत असलेल्या माणसानं लिहिलेलं शेवटचं गाणं. त्यात मृत्यूचा उल्लेखही नाही, कारण ते त्याचं गाणं नव्हतं, कॅप्टनचं होतं.

नाटक १६ नोव्हेंबर १९५९ ला आलं, १,४४३ प्रयोग झाले. २३ ऑगस्ट १९६० ला ऑस्कर त्याच्या शेतावर गेला. १ सप्टेंबरच्या रात्री टाइम्स स्क्वेअरचे दिवे एक मिनिट मालवले गेले. लंडनच्या वेस्ट एंडमध्येही दिवे मंद केले होते. १९६५ चा सिनेमा त्यानं पाहिलाच नाही. त्यासाठी दोन नवी गाणी हवी होती, तर रॉजर्सनं कुणाला न बोलावता शब्दही स्वतःच लिहिले.

'एडलवाइस' हे ऑस्ट्रियाचं जुनं लोकगीत आहे, किंवा त्यांचं राष्ट्रगीतच आहे, असं मानणारे पुष्कळ लोक आजही भेटतात. 'कॅरोसेल'मध्ये एका विधवेला धीर देण्यासाठी लिहिलेलं गाणं १९६३ नंतर लिव्हरपूलच्या फुटबॉलवेड्यांनी उचललं. मैदानावर हजारो माणसं ते घसा फोडून गातात, त्यातल्या कितीजणांना हॅमरस्टीन ठाऊक असेल? मिसेस हॅमरस्टीनना हे ऐकून राग आला असता. स्वतः ऑस्करला, मला वाटतं, आला नसता.

असो, लेख फारच लांबला. या शनिवार-रविवारी वेळ असेल तर 'साउथ पॅसिफिक'मधलं केबलचं गाणं शोधून ऐका. जेमतेम दीड मिनिटाचं आहे. इंग्रजी यथातथा असलं तरी कळतं. १९५३ साली जॉर्जियाच्या आमदारांनाही कळलं होतं.